थोरलीची गाठ

लॉन्ड्रीत इंग्रजीचा वर्ग भरणार म्हटल्यावर बायका पोट धरधरून हसल्या होत्या. चादरीला काय इंग्रजीत सांगायचंय, बाई गं, सुरकुती सोड म्हणून? पण मॅनेजरसाहेबांनी नोटीस लावली. मोठ्या हॉटेल कंपनीचं काम मिळालंय, त्यांची माणसं येणार-जाणार, तेव्हा बाहेरच्या खिडकीवर इंग्रजी बोलणारी बाई हवी. वर्गात जी पहिली येईल तिला खिडकी. नोटीस वाचल्यावर हसणं जागच्या जागी थांबलं.

खिडकी म्हणजे काय चीज होती हे बाहेरच्याला कळायचं नाही. आत दिवसभर वाफ. अंगातला ब्लाउज सकाळी आठला ओला व्हायचा तो घरी जाऊन बदलेपर्यंत ओलाच. आणि उभं राहणं. नऊ तास उभं राहायचं, जेवणाच्या सुट्टीत तेवढं जमिनीवर टेकायचं. खिडकीवर पंखा होता, उजेड होता, आणि खुर्ची होती. पाठीला टेकू असलेली खुर्ची! धाकटीने ती खुर्ची पहिल्याच दिवशी बघून ठेवली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यातून ती जाता जात नव्हती.

धाकटी आणि थोरली या जावा-जावा. लॉन्ड्रीतही सगळे त्यांना त्याच नावांनी ओळखायचे. थोरलीचा नवरा गेला तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती. दिराच्या घरात फुकटचं खाते असं कोणी म्हणू नये म्हणून तिने त्याच महिन्यात लॉन्ड्री गाठली, आणि नऊ वर्षं ती चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या तापत्या रोलरवर उभी होती. तोंडाची फटकळ, हाताची चलाख. वर्षभरापूर्वी तिनेच मॅनेजरच्या मागे लागून धाकटीला तिथे चिकटवून दिलं.

थोरलीची एक गाठ होती. धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे जुन्या चादरीच्या पट्टीने बांधायचे असत, आणि इतर बायकांच्या गाठी गाडीत चढवेपर्यंत सुटत. थोरली पट्टी दोनदा फिरवून टोक परत आतून घ्यायची आणि एक हिसका द्यायची. ओली झाली तर ती गाठ आणखी आवळायची, पण शेपूट ओढलं की एका क्षणात मोकळी. कितीजणींनी विचारलं, हिने कोणाला शिकवली नाही. धाकटी कामाला लागली त्या आठवड्यात मात्र थोरलीने घरी पलंगावर उशीला पट्टी बांधून तिला दहा वेळा करून दाखवली. म्हणाली, "कोणाला दाखवू नकोस. ही आपली दोघींची." लॉन्ड्रीत गठ्ठे बांधायचं काम धाकटीकडे नव्हतंच, त्यामुळे तिला ती गाठ येते हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आता दांडीचं सांगते. रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी असते. चादर आत सारताना हात फार पुढे गेला तर दांडीला लागतो आणि मशीन बंद पडतं. चांगली सोय. पण हॉटेलवाल्यांची जाडजूड पांघरुणं यायला लागली तशी ती पांघरुणंसुद्धा दांडीला लागायला लागली. घटकेघटकेला मशीन बंद. मुकादमाचं डोकं फिरलं. एका मंगळवारी तो पट्टी घेऊन आला आणि थोरलीला म्हणाला, "दांडी चार बोटं वर घे आणि बांधून टाक."

"मी नाही बांधणार," थोरली म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? ती हात वाचवायला आहे. तुमचा हात घालायचा असेल आत तर बांधा तुम्ही."

मुकादमाने जास्त वाद घातला नाही. त्याने पट्टी धाकटीपुढे धरली. धाकटी रोलरच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. पलीकडून चादरी काढणाऱ्या बायकांना वाफेत इकडचं काही दिसत नव्हतं. धाकटीने थोरलीकडे पाहिलं नाही. तिने दांडी उचलली आणि बांधली. घाईत हाताला जी गाठ आली ती बांधली, आणि हाताला तीच आली. थोरलीला मुकादमाने त्याच दिवशी रोलरवरून काढून मळक्या कपड्यांवर टाकलं, हॉस्पिटलच्या चादरी वेगळ्या करायला. तिथे कोणी आपणहून जात नसे.

रात्री घरी थोरली एवढंच म्हणाली, "बांधलीस ते बांधलीस, पण बोटं सांभाळ गं बाई." राग नाही, आदळआपट नाही. धाकटीला तेच लागलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

गुरुवारी वर्ग होता. कपड्यांच्या कोठीत, टॉवेलांच्या मांडण्यांमध्ये सहा जणी खाली बसायच्या. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत, खिशात खडूचा डबा. लॉन्ड्री त्यांना महिन्याच्या बोलीवर ठेवायची. त्यांचा एक हट्ट होता. वाक्य तुमच्या स्वतःच्या आठवड्यातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. "व्याकरण मी सुधारीन," ते म्हणायचे. "खोटं मी सुधारत नाही. खोट्या वाक्याला शून्य." एकदा एकीने आपल्या घरी बाग आहे असं लिहिलं, तर मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे आहे बाग? खिडकीतल्या डब्यात?" ती बाई परत वर्गाला आली नाही.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. रिफ्यूज आणि डिनाय.

"आपण दोन्हीला नाकारणंच म्हणतो," मास्तर म्हणाले. "काम नाकारलं, आरोप नाकारला. इंग्रजीत हे दोन वेगळे. कोणी काही करायला सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात मी करणार नाही, ते रिफ्यूज. आणि अमुक गोष्ट झाली असं कोणी म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात झालीच नाही, ते डिनाय."

थोरली मागे भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. ती वर्गाला यायची ती पाय लांब करायलाच. "म्हणजे एक बाई तोंडावर नाही म्हणते," ती म्हणाली, "आणि दुसरी मागाहून तोंड पुसते."

सगळ्या खिदळल्या. मास्तर हसले नाहीत. "तसं नाही. न केलेली गोष्ट मी केली नाही म्हणणं, तेही डिनायच. नुसत्या शब्दावरून माणूस खरा की खोटा कळत नाही. पण ऐकणाऱ्याला संशय येतो खरा."

"मग मला पहिलीच बरी," थोरली म्हणाली. तिने दोन्ही शब्द चार-चार वेळा पुटपुटून पाठ केले. सगळ्या वर्गांत तिने धड पाठ केलेले तेवढेच.

धाकटीने वहीत लिहिलं. मुकादमाने आम्हाला दांडी बांधायला सांगितली. माझ्या जावेने रिफ्यूज केलं. मी रिफ्यूज केलं नाही. मी बांधली. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून वही डोळ्यांजवळ नेली आणि हळू आवाजात विचारलं, "खरं आहे हे?"

"खरं आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, दांडी म्हणजे कसली दांडी हे विचारलं नाही, आणि लाल पेनाने दहापैकी दहा लिहिले. "आता डिनायचं."

धाकटीने बराच वेळ डोकं खाजवलं. "तसं काही केलंच नाही अजून, मास्तर."

"मग ओळ कोरी ठेव. खरं सापडेल तेव्हा लिही."

वाटेत थोरलीने विचारलं, "काय लिहिलंस गं माझ्यावर?" धाकटीने वाचून दाखवलं. थोरली खूश झाली. "वा! माझ्या जिवावर दहापैकी दहा! खिडकीत बसलीस की ओळख दे म्हणजे झालं."

बारा दिवस दांडी बांधलेलीच राहिली. धाकटी बोटांची टोकं वापरून, जीव मुठीत धरून चादरी सारायची. तेराव्या दिवशी जोडीची बाई आली नाही आणि मुकादमाने थोरलीला परत रोलरवर पाठवलं. थोरलीने पदर खोचला, आपल्या जुन्या जागी उभी राहिली आणि विचारलं, "दांडी सोडलीस ना गं?"

खरं सांगायचं तर दांडी सोडायला एक हिसका पुरला असता. पण मुकादम दहा पावलांवर उभा होता. नाही सोडली म्हटलं असतं तर थोरली हात बांधून उभी राहिली असती, मुकादम धावून आला असता, तमाशा झाला असता, आणि परवा वर्गाची परीक्षा होती. हे सगळं धाकटीच्या मनात एका क्षणात येऊन गेलं. तिने चादरीचं टोक सरळ केलं आणि म्हणाली, "हूं."

नऊ वर्षांच्या सवयीने थोरली न बघता हात चालवायची. हात गेला तर दांडी अडवणार हे तिच्या हाताला ठाऊक होतं. अर्ध्या तासाने एका पांघरुणाची घडी आत वळली, ती सरळ करायला थोरलीने हात पुढे घातला आणि हात पांघरुणाबरोबर आत गेला. मशीन थांबलं नाही. थोरली ओरडली तेव्हाही थांबलं नाही. धाकटीने धावत जाऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं तोवर उजव्या हाताची चार बोटं गेली होती, आणि तळव्याची कातडी पांघरुणाला चिकटून पलीकडे निघाली होती. पलीकडच्या बाईने सवयीने ते पांघरूण घडी करायला घेतलं आणि मग ती किंचाळली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी धाकटीला बोलावलं. मुकादम तिथेच उभा होता.

"बस," मॅनेजर म्हणाले. खुर्चीवर बस म्हणाले. "हॉटेल कंपनीने काम थांबवलंय. त्यांची तपासणीबाई येणार आहे. दांडी कोणी बांधली हे ती विचारणार."



"गाठ तर थोरलीची आहे," मुकादम म्हणाला. "अख्ख्या लॉन्ड्रीत ती गाठ मारणारी एकच बाई. सगळे सांगतील."

"पण तुम्हीच मला..." धाकटी म्हणाली आणि थांबली.

मॅनेजर मऊ आवाजात बोलले. कडक बोलले असते तर धाकटी कदाचित भांडली असती. "हे बघ, गाठ तुझी निघाली तर तू घरी, थोरली तर घरी बसलीच आहे. म्हणजे दोघी घरी. आणि थोरलीची निघाली तर एकटी थोरली घरी. तिचा हात तर आता येत नाही. तू तुझ्या घराचं बघ. तपासणीबाईला आपली भाषा येत नाही, दुभाषी तुलाच करायचंय. वर्गात पहिली आलीस तू. परीक्षा द्यायची गरज नाही."

घरी जाताना धाकटी मनाशी घोकत होती, एकीची तरी भाकरी राहील, ताईंना तरी मीच पोसणार ना. असं घोकता घोकता तिला ते पटलंसुद्धा. मधूनच खुर्ची डोळ्यांपुढे यायची, मग ती आणखी जोरात घोकायची.

तपासणीबाई आली ती चांगली बाई होती, आणि हेच वाईट झालं. तिने थोरलीला आधी पाणी दिलं, मग स्वतःची खुर्ची जवळ ओढून बसली. थोरली हॉस्पिटलमधून थेट आली होती, हाताला कोपरापर्यंत पांढरं बांधलेलं. भिंतीकडेला मॅनेजर, मुकादम, आणि मास्तर. लॉन्ड्री कामगारांसाठी वर्ग चालवते हे दाखवायला मास्तरांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या मांडीवर सहा वह्यांची चळत होती. सगळ्यात वर धाकटीची.

तपासणीबाईने विचारलं आणि धाकटीने थोरलीला सांगितलं, "दांडी कोणी बांधली, विचारतायत."

थोरलीचा चेहरा उजळला. दुभाषी घरचीच आहे म्हटल्यावर तिला केवढा आधार वाटला. "सांग त्यांना," ती म्हणाली, "मुकादमाने मला बांधायला सांगितली. मी तोंडावर नाही म्हटलं. मग त्याने तुला बांधायला लावली. पण तुझा काही दोष नाही हेही सांग. नवी पोरगी, घाबरली, म्हणावं. तू भिऊ नकोस, मी आहे ना. नाव मुकादमाचं घे."

धाकटीला थोरलीचा राग आला. इतकं चांगलं वागायची काय गरज होती? चार लोकांत आपल्यावर खापर फोडलं असतं तर आपल्यालाही तोंड उघडणं सोपं गेलं असतं.

"शी डिनाइज इट," धाकटी म्हणाली.

तपासणीबाईने पेन थांबवलं. इतकं बोलली ती, आणि तीनच शब्द? पण तिने लिहून घेतलं. मग पिशवीतून फोटो काढला. दांडीचा, गाठीचा, अगदी जवळून घेतलेला. तिने तो थोरलीपुढे धरला.

"गाठ ओळखता का, विचारतायत."

"न ओळखायला काय झालं?" थोरली म्हणाली. "गाठ माझीच. मीच नाही का शिकवली तुला, उशीवर?"

"शी सेज, द नॉट इज माइन," धाकटी म्हणाली. गाठ माझी, एवढंच सांगितलं; उशीवर शिकवल्याचं तिने गिळलं.

थोरलीला वाटलं आपलं म्हणणं पोचलं. तिने फोटोवर डावं बोट ठेवलं, मग छातीवर ठेवलं आणि मोठ्या अभिमानाने स्वतःच्या इंग्रजीत म्हणाली, "येस. माय."

तपासणीबाईचा चेहरा उतरला. तिला दुःख झालं असावं. तिने मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. आणि त्या शांततेत थोरलीच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. मघाचे तीन शब्द तिच्या डोक्यात आत्ता पोचत होते.

"काय म्हणालीस गं तू मघाशी?" तिने विचारलं. "डिनाय म्हणालीस?"

धाकटी फोटोकडे बघत राहिली.

"अगं, मी रिफ्यूज केलं होतं." थोरली मास्तरांकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट ती विनवत होती. "मास्तर, तुम्ही सांगा. ही डिनाय म्हणाली. मी रिफ्यूज केलं, हिने बांधली. हिच्या वहीत आहे ना ते? तुम्ही दहा मार्क दिलेत. दाखवा की वही!"

तपासणीबाईने मास्तरांना विचारलं, काय म्हणते ती?

मास्तर अर्धे उठले. वह्या मांडीवरून घसरायला लागल्या तशा त्यांनी दोन्ही हातांनी धरल्या. मॅनेजरसाहेब त्यांच्याकडे बघतही नव्हते, हातातल्या घड्याळाला चावी देत होते. मास्तरांनी खाकरून घसा साफ केला आणि शुद्ध, सुंदर इंग्रजीत सांगितलं की ती वर्गाबद्दल आभार मानते आहे.

तपासणीबाईने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. थोरलीला वाटलं, मास्तरांनी सांगितलं सगळं. तिने त्यांना डाव्या हाताने नमस्कार केला.

खरं काय झालं ते तिला आठ दिवसांनी पत्र आल्यावर कळलं. सुरक्षेच्या दांडीशी छेडछाड केल्यामुळे कामावरून कमी. पत्र तिच्या अकरा वर्षांच्या मुलीने वाचून दाखवलं, अडखळत, दोनदा. थोरलीने पत्र घेऊन दिरापुढे ठेवलं आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. दीर बायकोकडे वळला. "काय गं? वहिनी म्हणतायत गाठ तू मारलीस."

"मला कुठे येते ती गाठ?" धाकटी म्हणाली. "ताईंना औषधांची गुंगी असते. काहीही मनात येतं त्यांच्या."

नवरा दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. त्याच्या एकट्याच्या कामावर चौघांचं घर चालत नव्हतं आणि बायकोला नुकतीच खिडकी मिळाली होती. "तुम्ही आराम करा, वहिनी," तो म्हणाला. त्या दिवसापासून थोरली घरात कोणाशी बोलेनाशी झाली. मुलीशी तेवढी हळू आवाजात बोलायची.

मास्तर एकदा खिडकीवर आले. पंखा चालू होता, धाकटी खुर्चीत बसली होती. त्यांनी वही आत सरकवली. "सर्टिफिकेट द्यायचंय. कोरी ओळ चालत नाही, वही पूर्ण लागते."

धाकटीने ते पान उघडलं. वरच्या चार वाक्यांवर लाल शाईत दहापैकी दहा तसेच होते. तिने पेन घेतलं आणि खालच्या ओळीत लिहिलं, माझ्या जावेने स्वतःची चूक डिनाय केली. मग वही मास्तरांपुढे फिरवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. आता तरी हा माणूस विचारेल, खरं आहे का हे? विचार ना बाबा. शून्य दे. तिला खरोखर तसं वाटत होतं.

मास्तरांनी वाक्य वाचलं. एका स्पेलिंगमध्ये राहिलेलं अक्षर वर घातलं. मग बरोबरची खूण केली, सही केली आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय तुझं." पुढल्या वर्गाची बोली त्यांना त्याच आठवड्यात मिळाली होती.

थोरलीचा हात गळ्यात बांधून ठेवावा लागायचा. खाली लोंबला की ठणकायचा. हॉस्पिटलची झोळी पंधरा दिवसांत फाटली, मग जुन्या चादरीची पट्टी आली. पट्टी बांधायचं काम मुलीचं. पोरीची गाठ अर्ध्या दिवसात सुटायची, हात दाणकन खाली यायचा आणि थोरली ओठ चावून भिंतीला टेकायची. धाकटी ते बघायची आणि दुसऱ्या खोलीत जायची.

एके दिवशी मुलीची शाळा सकाळची होती. धाकटी निघायच्या घाईत होती, नवरा चहाचा कप घेऊन दाराशी बसला होता. थोरली आली आणि धाकटीपुढे पाठ करून बसली. मानेवरून पट्टीची दोन टोकं मागे सोडलेली.  नुसती बसून राहिली.

"द्या इकडे," धाकटी म्हणाली. नवऱ्यासमोर नाही कसं म्हणणार? तिने आधी साधी गाठ मारली. थोरलीने डावा हात मागे नेऊन ती चाचपली, सोडून टाकली आणि पट्टी परत मागे टाकली. धाकटीने दुसऱ्यांदा मारली. थोरलीने दुसऱ्यांदा सोडली. घड्याळात आठला दहा कमी होते, आठला खिडकी उघडायची होती. धाकटीच्या डोक्यात खिडकी होती आणि हात मोकळे होते. तिने पट्टी दोनदा फिरवली, टोक परत आतून घेतलं आणि हिसका दिला.

कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. धाकटीने वर पाहिलं. नवरा तिच्या हातांकडे बघत होता.

"ही गाठ," तो म्हणाला. "तुला येते?"

धाकटीच्या बोटांत पट्टीचं शेपूट अजून तसंच होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही येत."

नवऱ्याने गाठीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग वहिनीच्या पाठीकडे पाहिलं.  मग त्याने कप परत उचलला, आतलं उरलेलं पिऊन टाकलं आणि म्हणाला, "जा, उशीर होतोय तुला."

थोरलीने डाव्या हाताने गाठ चाचपली, शेपूट नीट आत आहे ना ते बघितलं आणि उठली. "उद्यापण तूच बांध," ती धाकटीला म्हणाली. "पोरीला जमत नाही."